गाडी थांबली की आधी बोला: उशिराच्या वेळी प्रवाशांना माहिती कशी द्यायची

इंडिकेटरवर 5 मिनिटं उशीर दिसतो. पाच मिनिटं जातात, तिथे 10 येतात. मग 15. मग 25. यातला एकही आकडा कोणी जाणूनबुजून खोटा लावलेला नसतो, तरी चौथ्या आकड्यानंतर फलाटावरचं कोणीही त्या पाटीकडे वर मान करून बघत नाही. पहिलाच आकडा 40 असता तर निम्मी माणसं बाकावर टेकली असती, काहींनी दुसरी गाडी धरली असती आणि चौकशीच्या खिडकीवर झुंबड उडाली नसती.

मी काही वर्षं स्टेशनवरच्या घोषणा कक्षात काढली. एका रात्री गाडी दीड तास अडकली होती आणि मला वरून काहीच कळत नव्हतं. एक आजोबा खिडकीशी आले. म्हणाले, “बाळा, गाडी कधी येईल हे तुला ठाऊक नाही, ते दिसतंय मला. घरी फोन करून ‘झोपा’ म्हणू की ‘जागे राहा’ म्हणू, तेवढं सांग.” त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे होतं. गाडी अकराच्या आत येणं शक्य नव्हतं, हे मला माहीत होतं. ते मी माइकवर बोललोच नव्हतो, कारण पक्की वेळ कळल्यावरच बोलायचं असा माझा समज होता.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे. गाडी कधी येईल हे तुमच्या हातात नसतं, पण पुढची माहिती किती वाजता द्याल हे असतं. बाकीचं सगळं या एका वेळेभोवती बांधायचं. हा लेख मुख्यतः घोषणा करणारे, गार्ड, स्टेशन मास्तर आणि कंट्रोलमधल्या, म्हणजे गाड्यांची हालचाल ठरवणाऱ्या कक्षातल्या, लोकांसाठी आहे. प्रवाशांसाठीचं शेवटी आहे.

आकडा का सरकतो

बऱ्याच ठिकाणी गाडीची जागा कंट्रोलला सलग दिसत नाही. ती ठरावीक ठिकाणं ओलांडते तेव्हा नोंद होते: रुळांतलं ट्रॅक सर्किट (गाडी आली की ओळखणारी विजेची जोडणी), ॲक्सल काउंटर (चाकांचे आस मोजणारं यंत्र) किंवा स्टेशनने कळवलेली वेळ. संगणक शेवटच्या नोंदीतला उशीर उचलतो आणि तोच पुढच्या स्टेशनांना लावतो. दोन नोंदींच्या मधे गाडी उभी राहिली की त्याला फक्त ‘अजून आली नाही’ एवढंच कळतं. मग घड्याळ सरकेल तसा तो एकेक मिनिट वाढवत जातो. सरकणारा आकडा म्हणजे झालेल्या उशिराची मोजणी. पुढे काय होणार याचा त्यात काही विचार नसतो.

उलटंही घडतं. वेळापत्रकात, विशेषतः शेवटच्या स्टेशनाच्या आधी, थोडी मोकळी मिनिटं राखलेली असतात. त्यामुळे मधे 20 मिनिटं मागे असलेली गाडी शेवटी 12 मिनिटंच उशिरा पोचू शकते. सगळ्या यंत्रणा हे जमेस धरतातच असं नाही.

दुसरी अडचण साखळीची. चालक कंट्रोलला सांगतो, कंट्रोल स्टेशनला, स्टेशन घोषणा कक्षाला. प्रत्येक कडीवरचा माणूस त्या क्षणी गाड्या हलवण्यात गुंतलेला असतो आणि माइकवाल्याला फोन करणं त्याच्या यादीत शेवटी येतं. ब्रिटनमध्ये तर 1990च्या दशकातल्या खासगीकरणापासून रूळ एका संस्थेकडे आणि गाड्या दुसऱ्यांकडे गेल्या, म्हणजे साखळीच्या मधोमध आणखी एक कुंपण आलं.

तिसरी अडचण कोणी उघड बोलत नाही. चुकीची वेळ सांगितली तर बोल लागतो. काहीच सांगितलं नाही तर कोणालाच लागत नाही. असा हिशेब असेल तर शहाणा कर्मचारी गप्पच बसणार. म्हणून कुठल्याही प्रशिक्षणाच्या आधी साहेबांनी लेखी आदेश काढावा: मनापासून केलेला अंदाज चुकला तर जाब विचारला जाणार नाही, दहा मिनिटांची शांतता झाली तर विचारला जाईल. हा कागद नसेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या भिंतीवर लावण्यापुरत्याच.

पायरी 1: सगळं सुरळीत असताना करायची कामं

प्रत्येक पाळीत प्रवाशांच्या माहितीसाठी एकच माणूस जबाबदार ठेवा आणि हजेरीच्या तक्त्यावर त्याचं नाव लिहा. गाड्या हलवणाऱ्यालाच हे काम दिलं तर गोंधळाच्या वेळी ते पहिलं गळून पडतं.

मग मार्गाच्या प्रत्येक टप्प्यासाठी एक पान तयार करा. इथे गाडी अडकली तर पर्यायी मार्ग कोणता? पुढे जोडून मिळणारी शेवटची गाडी किती वाजता? जवळच्या कुठल्या स्टेशनावर रात्री माणूस असतो, स्वच्छतागृह उघडं असतं? त्याच पानावर गाळलेल्या जागांच्या तीन-चार घोषणा छापून ठेवा. घाईत सुचलेलं वाक्य नेहमी लांब होतं.

उशिराच्या मर्यादाही आधीच ठरवा: दहा मिनिटांना काय करायचं, तीसला काय, साठला काय. ‘उशीर’ म्हणजे काय यावर ऑफिस आणि फलाट यांचं एकमत नसतं. जर्मनीत सहा मिनिटांहून कमी उशिराची गाडी हिशेबात वेळेवर धरतात, स्वित्झर्लंडमध्ये तीनहून कमी. जर्मनीच्या हिशेबात रद्द झालेली गाडी तर मोजलीच जात नाही. अहवालासाठी ते ठीक आहे. पण ज्याची पुढची गाडी चार मिनिटांवर आहे त्याला पाच मिनिटांचा उशीरही सांगावाच लागतो.

पायरी 2: पहिली दोन मिनिटं

गाडी अनपेक्षित थांबली की दोन मिनिटांत बोला. कारण माहीत नसताना बोला. यावर नव्या लोकांचा हमखास प्रश्न येतो: माहीतच नाही तर सांगू काय? हे सांगा:

“गाडी सिग्नलला थांबली आहे. कारण विचारतोय. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी, कळो न कळो, पुन्हा बोलतो.”

यात बातमी काहीच नाही. तरी डब्यातल्या माणसाला तीन गोष्टी कळल्या: गाडी थांबल्याचं रेल्वेच्या लक्षात आलं आहे, कोणीतरी चौकशी करतंय, आणि आपल्याला पाच पस्तीसपर्यंत कान टवकारून बसायला नको. दहा मिनिटांची ठरलेली वाट मनाला दहा मिनिटांचीच वाटते. तीच दहा मिनिटं अंदाजाविना काढली की अर्ध्या तासाची होतात.

पायरी 3: घोषणेची रचना

रोज कानावर पडणारी घोषणा घ्या: “काही तांत्रिक कारणास्तव गाडी उशिराने धावत आहे. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” किती उशिराने? मी थांबू की जाऊ? पुढे कधी कळेल? काहीच नाही. ध्वनिमुद्रित दिलगिरी दर चार मिनिटांनी वाजली की पाचव्या वेळी ती कुचेष्टा वाटते. दिलगिरी एकदाच, जिवंत माणसाच्या आवाजात, आणि माहितीनंतर.

आता हीच घोषणा दुसऱ्या तऱ्हेने:

“सहा दहाची जलद गाडी आणखी किमान चाळीस मिनिटं येणार नाही. पुढच्या स्टेशनाआधी सिग्नल बंद पडला आहे. दुरुस्तीची माणसं सहा वीसला तिथे पोचतील. जंक्शनला गाडी बदलायची असेल त्यांनी फलाट दोनवरची धीमी गाडी धरावी, हेच तिकीट चालेल. पुढची माहिती सहा तीसला देतो.”

क्रम बघा. आधी परिणाम, मग कारण, मग काय करायचं, शेवटी पुढची वेळ. कारणापासून सुरुवात केली तर ऐकणारा कामाच्या वाक्याआधीच शेजाऱ्याला “काय म्हणाला?” विचारू लागतो.

सहा तीसला नवं काही नसलं तरी माइक उचलायचाच: “सहा तीस झाले. माणसं पोचली आहेत, बिघाड अजून सापडलेला नाही. गाडी सातच्या आत सुटणार नाही. पुढची माहिती सहा पन्नासला.”

‘सातच्या आत नाही’ हे वाक्य फार उपयोगाचं आहे. पक्की वेळ नसली तरी अलीकडची मर्यादा बहुतेकदा सांगता येते, आणि त्या भरवशावर माणूस स्वच्छतागृहात जाऊन येतो, पाणी आणतो, लेकराला फिरवून आणतो. पण हे वाक्य उच्चारण्याआधी कंट्रोलशी शब्द पक्का करा. सातच्या आत नाही म्हणालात आणि सहा बावन्नला सिग्नल मिळाला म्हणून गाडी सोडून दिलीत, तर तुमच्यावर विश्वास ठेवणारेच तेवढे फलाटावर राहिले. कंट्रोल थांबायला तयार नसेल तर ते वाक्य उच्चारूच नका.

पायरी 4: शब्द आणि आकडे

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण यावर कोणी बोलत नाही.

चार शब्दप्रयोग माइकवरून हद्दपार करा: ‘थोड्याच वेळात’, ‘लवकरच’, ‘पाचेक मिनिटांत’, ‘अपरिहार्य कारणास्तव’. ‘पाचेक’मधला तो ‘एक’ फार घातक. बोलणाऱ्याच्या मनात तो ‘सुमारे’ असतो, ऐकणाऱ्याच्या कानात फक्त ‘पाच’ शिल्लक राहतो.

आपल्या भाषेतले आकडे खराब स्पीकरवर फार दगा देतात. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांचा पुढचा भाग सारखाच, आणि शेपूट नेमकी येणाऱ्या गाडीच्या आवाजात बुडते. ‘पावणेसात’मधलं ‘पावणे’ हरवलं तर सात उरतात, ‘साडेसात’मधलं ‘साडे’ हरवलं तरी सातच. घरी बोलताना पावणे, सव्वा, साडे गोड वाटतात. माइकवर मात्र ‘सहा पंचेचाळीस’, आणि लगेच ‘सहा, चार, पाच’. गाडीचा क्रमांक आपण सुटे आकडे वाचून सांगतोच, वेळही तशीच सांगा.

फलाटाचा क्रमांक वाक्याच्या शेवटी टाकू नका. “फलाट तीन. सहा दहाची गाडी फलाट तीनवर येईल” असं दोनदा सांगा. आधी घंटी, मग एक श्वास थांबा, मग बोला. लोक माना वर करेपर्यंत पहिले दोन शब्द वाया जातातच. शेजारच्या रुळावर गाडी शिरत असेल तर तोंड उघडू नका. वीस सेकंद थांबून बोललेलं ऐकू जातं, त्या खडखडाटात बोललेलं फक्त नोंदवहीत जातं.

आवाज पुरेसा स्पष्ट आहे का, हे मोजता येतं. त्यासाठी 0 ते 1 अशी उच्चार-सुगमतेची मापनपट्टी आहे आणि युरोपीय संघाच्या सुलभता नियमांत रेल्वेच्या घोषणांसाठी किमान 0.45 ठरवलेलं आहे. मोजायचं यंत्र नसेल तर सोपा उपाय: सहकाऱ्याला फलाटाच्या टोकाला उभं करा, तुम्ही माइकवरून पाच यादृच्छिक वेळा वाचा, त्याने लिहून घ्यायच्या. पाचपैकी दोन चुकल्या तर आधी स्पीकर दुरुस्त करून घ्या.

आणि आवाज कितीही चांगला असला तरी जो ऐकू शकत नाही त्याला पाटीच हवी, जो बघू शकत नाही त्याला आवाजच. फलाट बदलाची सूचना फक्त एकाच मार्गाने गेली की या दोघांतला एक जण हमखास मागे राहतो. चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशाला लिफ्टने पलीकडे जायला किती मिनिटं लागतात हे एकदा स्वतः चालून मोजा. फलाट बदल त्याहून कमी वेळ आधी सांगत असाल तर गाडी थांबवून ठेवायची तयारी ठेवा.

पायरी 5: अंदाज कसा करायचा

दुरुस्तीवाल्याला “किती वेळ लागेल?” विचारलंत तर उत्तर येतं “होईल अर्ध्या तासात”. तो खोटं बोलत नाही, अजून घटनास्थळी पोचलेला नसतो इतकंच. त्याऐवजी विचारा: “पोचलास का? बिघाड डोळ्यांनी बघितलास का?” जोवर दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ येत नाही तोवर दुरुस्तीची वेळ जाहीर करू नका. तोपर्यंत टप्पे जाहीर करा: माणसं निघाली, सहा वीसला पोचतील, पाहून सहा तीसला सांगतो.

बिघाडाच्या जातीवरूनही बरंच ठरतं. दार लागत नसेल तर मिनिटांचं काम. इंजिन बंद पडलं तर दुसरं इंजिन कुठे उभं आहे, त्यावर चालक आहे का, ते किती लांबून येणार, जोडून ब्रेकची तपासणी कधी होणार, अशी बेरीज करावी लागते. ओव्हरहेड वायर तुटली असेल तर तासांच्या भाषेत बोला आणि पर्यायी व्यवस्थेला लागा.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती मार्ग मोकळा होणं आणि गाड्या सुरळीत होणं या दोन वेळांची. समजा सहाला मार्ग खुला झाला. मागे आठ गाड्या रांगेत उभ्या आहेत आणि दोन गाड्यांमध्ये पाच मिनिटांचं अंतर ठेवावं लागतं. मग आठवी गाडी सहा पस्तीसला हलणार. तिच्यातल्या प्रवाशाला “सहाला मार्ग सुरू होतोय” हे सांगणं खरं असूनही फसवं आहे.

आकडा वाढवायचा असेल तर एकदाच, मोठा वाढवा. 40 वरून थेट 75 ऐकताना लोक कण्हतात, पण मग उठून आपापली सोय बघतात. पाच-पाचने वाढवलेला उशीर त्यांना जागेवर खिळवून ठेवतो.

पायरी 6: कारण सांगताना

कारण सांगावं, साध्या शब्दांत आणि एका वाक्यात. ‘तांत्रिक बिघाड’ या दोन शब्दांखाली लोक जे काही लपलं आहे असं समजतात ते खऱ्या कारणापेक्षा नेहमी वाईट असतं.

रुळांवर कोणी जिवानिशी गेलं असेल तर मात्र शब्द तोलून. प्रत्येक देशाने यासाठी आपापला शब्द घडवला आहे. जपानमध्ये ‘जिन्शिन जिको’, म्हणजे माणसाला झालेला अपघात. जर्मनीत पूर्वी ‘व्यक्तीला इजा’ अशा अर्थाचा शब्द होता, नंतर ‘रुळांवर डॉक्टरांचं काम सुरू’ अशा अर्थाचा वापरात आला. ब्रिटनमध्ये सरळ ‘व्यक्तीला गाडीची धडक’ म्हणतात. मला सरळ शब्द पटतो. तपशील, जागा, प्रकार यातलं काहीही सांगायचं नाही आणि ‘आत्महत्या’ हा निष्कर्ष माइकवरून कधीच काढायचा नाही. पोलिसांची परवानगी मिळेपर्यंत गाडी हलत नाही, हे सांगितलं तर लोक समजून घेतात.

पायरी 7: पाटी, ॲप आणि माणूस

तिघांचे आकडे वेगळे असले की प्रवासी सोयीच्या आकड्यावर विश्वास ठेवतो आणि बाकी दोघांशी भांडतो. एकच नोंद तिन्हीकडे गेली पाहिजे, आणि फलाटावरच्या कर्मचाऱ्याला घोषणेच्या आधी मिनिटभर तरी निरोप गेला पाहिजे. प्रवाशाच्या मोबाइलवरून उशीर कळणारा टीसी हे फार केविलवाणं दृश्य असतं.

ॲपवाल्यांसाठी एक गोष्ट. सार्वजनिक वाहतुकीची ताजी माहिती देण्यासाठी जगभर वापरतात त्या जीटीएफएस रिअलटाइम या पद्धतीत वेळेसोबत ‘अनिश्चितता’ लिहायचा वेगळा रकाना आहे. प्रवाशाच्या पडद्यावर मात्र तो क्वचितच उतरतो. ‘6:40’ ऐवजी ‘6:40 ते 7:00’ दाखवायला तंत्रज्ञान आडवं येत नाही.

पायरी 8: दोन स्टेशनांच्या मधे अडकलेली गाडी

फलाटावर गप्प राहिलात तर लोक चिडतात. मधे अडकलेल्या गाडीत गप्प राहिलात तर लोक उतरतात.

26 मे 2011 रोजी लंडनमध्ये केंटिश टाउनजवळ भरगच्च गाडी वीज गेल्याने जवळजवळ तीन तास अडकली. आत उकाडा, माहिती तुटपुंजी. प्रवाशांनी दारं उघडली, काही रुळांवर उतरले, आणि पुढे काही दारं उघडी असतानाच गाडी हलली. 2 मार्च 2018ला त्याच शहरात लुईशमजवळ बर्फाने गाड्या अडकल्या. तिथेही लोक खाली उतरले, आणि तिथे वीज डोक्यावरच्या तारेतून येत नाही, रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून येते: 750 व्होल्ट, पायाच्या उंचीवर. उतरणारा एकेक माणूस सगळ्याच गाड्या आणखी लांबवतो, कारण रुळांवर कोणी असताना वीज चालू करता येत नाही. 18 डिसेंबर 2009च्या रात्री इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात पाच युरोस्टार गाड्या बंद पडल्या. बाहेरची कडाक्याची थंडी आणि बोगद्यातली ऊब यांमुळे विजेच्या यंत्रणेत ओल धरली होती. दोन हजारांहून अधिक प्रवासी अडकले. 2010च्या फेब्रुवारीत आलेल्या स्वतंत्र चौकशी अहवालाने बिघाडासोबत प्रवाशांना माहिती न मिळण्यावरही ठपका ठेवला.

म्हणून मधे अडकलात की हे करा:

- दर दहा मिनिटांनी बोला, आणि दुसऱ्याच घोषणेत बाहेर काय धोका आहे ते सांगा. “उतरू नका” पुरत नाही. “शेजारच्या रुळावर गाड्या चालू आहेत” किंवा “खालच्या रुळात वीज आहे” हे पुरतं.
- वीज गेली असेल तर घोषणा बॅटरीवर चालतात आणि बॅटरी संपते. ती संपायच्या आत गार्डने डब्यांतून पायी फिरायला सुरुवात करावी. माणूस समोर दिसला की निम्मा ताण जातो, शिवाय कोणाला धाप लागली आहे, कुठे तान्हं मूल आहे, हे माइकवरून कधीच कळत नाही.
- दिवे किंवा पंखे बंद करायचे असतील तर आधी सांगा. मदतीचं इंजिन जोडताना धक्का बसतो, तोही आधी सांगा. न सांगता बसलेल्या धक्क्याने ओरडा सुरू होतो.
- ठरावीक वेळेत गाडी हलली नाही तर प्रवाशांना उतरवायचं की नाही, हा निर्णय कोण घेणार ते आधीच लिहिलेलं असावं. “वरून विचारतो” करत तास जातो.

मी एकदा प्रवासी म्हणून असाच पावणेदोन तास अडकलो होतो. गाडीत एकही घोषणा झाली नाही. पहिल्या वीस मिनिटांत सिग्नल, चाळिसाव्या मिनिटाला रुळावरून घसरलेली मालगाडी, तासाभराने पुढच्या स्टेशनात आग, अशा बातम्या आमच्या डब्यातल्या डब्यात तयार झाल्या. खरं कारण कळलं तेव्हा ते इतकं किरकोळ निघालं की कोणाचा विश्वासच बसेना: पुढच्या गाडीचं एक दार लागत नव्हतं.

पायरी 9: हक्क आणि पर्याय स्वतःहून सांगा

परताव्याचा नियम प्रवाशाने खोदून विचारल्यावर सांगायचा, ही जुनी खोड. ती सोडा. युरोपीय संघात 7 जून 2023पासून लागू असलेल्या नियमानुसार 60 ते 119 मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या 25 टक्के आणि 120 मिनिटांपासून पुढे 50 टक्के भरपाई आहे, काही अपवाद सोडून. त्यातलं मला आवडलेलं कलम वेगळंच. सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपासून 100 मिनिटांत रेल्वेने प्रवाशाला पर्याय कळवला नाही, तर तो रेल्वे किंवा बसची दुसरी सेवा स्वतः शोधू शकतो आणि त्याचा रास्त खर्च रेल्वेने द्यायचा. गप्प बसण्याची किंमत थेट कायद्यात लिहिली आहे. भारतात गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि प्रवास केला नाही तर पूर्ण परतावा मिळतो, पण टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरावा लागतो. ही ‘सुटण्याआधी’ची अट घोषणेत आलीच पाहिजे.

जपानमध्ये एका कंपनीचा मार्ग बंद पडला की त्याच तिकिटावर दुसऱ्या कंपनीच्या गाडीने जाऊ देण्याची ठरलेली व्यवस्था आहे आणि घोषणेत ती लगेच सांगतात. स्टेशनवर उशिराचा छापील दाखलाही मिळतो, तो ऑफिसात किंवा शाळेत दाखवता येतो. दाखल्याचा खर्च नगण्य, पण वरिष्ठांसमोर सबबी सांगण्याची नामुष्की टळते.

पायरी 10: नोंद

प्रत्येक मोठ्या उशिरानंतर या चार वेळांची नोंद ठेवा: गाडी थांबली कधी, पहिली घोषणा कधी, जाहीर केलेली वेळ कोणती, खरी कोणती. आणि ‘पुढची माहिती अमुक वाजता’ म्हणालात त्यातल्या किती वेळा पाळल्या. महिन्याच्या शेवटी हा कागद घोषणा कक्ष आणि कंट्रोल यांनी एकाच टेबलावर बसून वाचावा. आमच्याकडे पहिल्यांदा वाचला तेव्हा निम्मे रकाने कोरे होते.

आणि तुम्ही प्रवासी असाल तर

“गाडी कधी येणार?” याला खिडकीवरून ठरीव उत्तर येतं. “शेवटची कुठल्या स्टेशनातून सुटली, आणि तिथून हलली आहे का?” असं विचारा. याचं उत्तर माहिती असतं, अंदाज नसतो, आणि तुमचा हिशेब तुम्हालाच करता येतो. भारतात 139 या चौकशी क्रमांकावर किंवा एनटीईएस या रेल्वेच्या गाडी-चौकशीच्या संकेतस्थळावर हेच बघावं: उशिराचा आकडा सोडा, शेवटची नोंद किती वाजताची आहे ते बघा. ती चाळीस मिनिटं जुनी असेल तर त्यापुढचा आकडा गृहीत धरू नका.

पाटीवरचा आकडा लागोपाठ तीनदा पाच-पाचने सरकला तर गाडी कुठेतरी उभी आहे असं समजा आणि पर्याय शोधायला लागा.

तक्रार करायची असेल तर ‘माहिती दिली नाही’ एवढंच लिहू नका, तिला ठोकळेबाज उत्तर मिळतं. मोबाइलवर पाटीचे फोटो काढत जा, फोटोवर वेळ आपोआप पडते. मग लिहा: 5:31ला गाडी थांबली, 6:14ला पहिली घोषणा झाली, मधल्या 43 मिनिटांत पाटीवर हे चार आकडे होते. ही तक्रार ज्याच्या टेबलावर जाते त्याला नोंदवहीचा तोच रकाना उघडून बघावा लागतो.